विश्रांतीचे गणित मांडणारा प्रशिक्षक

मिलान, १५ जुलै १९३९. आठशे मीटरच्या शर्यतीत इटलीचा मारिओ लान्झी अखेरच्या टप्प्यापर्यंत आघाडीवर होता. तेथे जर्मनीच्या रुडॉल्फ हारबिगने त्याला गाठले, मागे टाकले आणि १ मिनिट ४६.६ सेकंदांत शर्यत संपवली. ब्रिटनच्या सिडनी वुडरसनचा १ मिनिट ४८.४ सेकंदांचा विश्वविक्रम एका झटक्यात १.८ सेकंदांनी मागे पडला. पुढच्याच महिन्यात फ्रँकफर्टला हारबिगने ४०० मीटरचा विक्रमही ४६ सेकंदांवर आणला. या यशामागे होते वोल्डेमार गेर्शलर.

गेर्शलर यांचा जन्म १९०४ चा. १९३० च्या दशकात ड्रेस्डेनमध्ये हारबिग त्यांच्या हाताखाली आला. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये रिले शर्यतीत त्याला कांस्यपदक मिळाले खरे, पण ८०० मीटरमध्ये तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. तीनच वर्षांत याच अंतरावर त्याने मिलानचा पराक्रम केला.

गेर्शलर यांची पद्धत ऐकायला सोपी होती. धावपटूने १०० किंवा २०० मीटर अंतर वेगाने धावावे. नाडीचे ठोके मिनिटाला १८० च्या आसपास पोहोचले की थांबावे, ते १२० वर आले की पुन्हा धावावे. त्यासाठी दीड मिनिट पुरले पाहिजे. पुरले नाही, तर धाव झेपण्यापलीकडची ठरली, म्हणून वेग किंवा अंतर कमी करायचे. पुढे कधी जायचे हे ठरवण्याचा अधिकार गेर्शलर यांनी स्टॉपवॉचकडून काढून घेऊन नाडीकडे दिला. फ्रायबर्गचे हृदयरोगतज्ज्ञ हर्बर्ट राइंडेल यांच्यासह त्यांनी जो सिद्धान्त मांडला तो त्याहून धाडसी होता. हृदय बळकट होते ते धावताना नव्हे, तर दोन धावांमधल्या त्या विश्रांतीत, असे दोघांचे म्हणणे होते. घाम गाळणे हीच तयारी मानणाऱ्या मैदानावर हे पटवणे सोपे नसणार.

ही पद्धत ज्याच्या पायांनी सिद्ध झाली, त्याला युद्धाने गिळले. ५ मार्च १९४४ रोजी पूर्व आघाडीवर हारबिग मारला गेला, तेव्हा तो अवघा ३० वर्षांचा होता. १९४० आणि १९४४ ची ऑलिम्पिकही युद्धामुळे झालीच नाहीत. ८०० मीटरचा त्याचा विक्रम मात्र १९५५ पर्यंत टिकला. तो ऑस्लोमध्ये बेल्जियमच्या रॉजर मोन्सने मोडला.

युद्धानंतर गेर्शलर यांनी फ्रायबर्गमध्ये नव्याने कामाला सुरुवात केली. १९५२ साली हेलसिंकीत लक्झेंबर्गच्या जोसी बार्थेलने १५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला. एवढ्याशा देशाचा हा धावपटू गेर्शलर यांचा शिष्य होता. ब्रिटनचा गॉर्डन पिरीही त्यांच्याकडे आला. १९५६ मध्ये बर्गनला त्याने व्लादिमीर कुट्सला हरवून ५००० मीटरचा विश्वविक्रम केला.

नंतर वारे फिरले. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग सुवर्णपदके घेऊन गेले. त्यांच्या तयारीचा पाया होता रस्त्यांवरची मैलोगणिक सलग धाव. केवळ छोट्या धावांवर भर दिला तर धावपटू झटपट तयार होतो, पण लवकर थकतोही, अशी टीका सुरू झाली. ती अगदीच निराधार नव्हती. तरीही लिडियार्ड यांनीसुद्धा शर्यतींचा हंगाम जवळ आल्यावर छोट्या वेगवान धावा वापरल्याच. गेर्शलर यांचे १९८२ मध्ये निधन झाले. आजही मध्यम पल्ल्याच्या धावपटूच्या सरावात वेगवान धाव, मोजून घेतलेली विश्रांती आणि पुन्हा धाव हा क्रम असतोच. नाडी मोजायला आता मनगटावर घड्याळ आले आहे, एवढेच.