सपाट, पण कशाच्या मानाने?

थर्ड इयरच्या सुट्टीत मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ट्रेनिंगला होतो. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातात एक ड्रॉइंग आणि बारा प्लेट्स आल्या. ड्रॉइंगमध्ये वरच्या पृष्ठभागाला एक चौकट जोडलेली होती. पहिल्या घरात कललेला चौकोन, दुसऱ्या घरात ०.०२, बस्स. चिन्ह ओळखीचं होतं, फ्लॅटनेस. मशीन ड्रॉइंगच्या शीटवर मी ते स्वतः काढलं होतं. म्हणजे जीटी मारली होती, काचेखाली बल्ब आणि वर मित्राची शीट. (सरांनी हे वाक्य वगळून वाचावे.) मी एकेक प्लेट सरफेस प्लेटवर ठेवली, वरून डायल गेज फिरवला. काटा पाच-सहा शतांश हलत होता. बारापैकी नऊ प्लेट्सवर लाल खूण करून मोकळा झालो.

संध्याकाळी तपासणी विभागातले काका आले. त्यांनी त्याच प्लेटखाली तीन छोटे स्क्रू जॅक लावले, वरचे तीन बिंदू एका उंचीला आणले आणि मग डायल फिरवला. काटा जेमतेम एक शतांश हलला. मी मोजला होता तो समांतरपणा, म्हणजे वरची बाजू खालच्या बाजूला किती समांतर आहे ते. ड्रॉइंगने तो मागितलाच नव्हता. मागितला असता तर चिन्ह वेगळं असतं आणि चौकटीला तिसरं घर असतं, त्यात डेटमचं अक्षर. फ्लॅटनेसला डेटम लागत नाही. एकमेकींपासून ०.०२ मि.मी. अंतरावरची दोन समांतर प्रतलं घ्या, ती कशीही तिरकी असोत. त्यांच्यामध्ये सगळा पृष्ठभाग मावला की प्लेट पास. माझ्या नऊच्या नऊ प्लेट्स चांगल्या निघाल्या. भंगारात गेल्या असत्या तर भरपाई माझ्या स्टायपेंडमधून झाली नसती एवढं नक्की, कारण स्टायपेंड नव्हताच.

रात्री मेसमध्ये मात्र एक प्रश्न छळू लागला. प्लेट आपण सरफेस प्लेटच्या भरवशावर तपासतो. ती सरफेस प्लेट तिच्याहून चांगल्या प्लेटवर तपासतात. ती आणखी चांगलीवर. मग जगातली पहिली सपाट प्लेट कशाच्या मानाने सपाट ठरली? उत्तर शोधता शोधता मी जोसेफ व्हिटवर्थपाशी पोहोचलो. फर्स्ट इयरपासून हे नाव आपण बी.एस.डब्ल्यू. या तीन अक्षरांत पाठ करतो, पण माणूस कोण ते कुणी विचारत नाही.

जन्म २१ डिसेंबर १८०३, इंग्लंडमधलं स्टॉकपोर्ट. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक. आई लहानपणीच गेली. चौदाव्या वर्षी पोराला नातेवाइकाच्या सूतगिरणीत चिकटवलं, पुढेमागे गिरणी सांभाळेल म्हणून. पोराला सुतापेक्षा यंत्रं आवडायची. चारेक वर्षांनी गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा मेकॅनिक झाला आणि १८२५ मध्ये लंडनला हेन्री मॉडस्लेच्या कारखान्यात लागला. त्या काळी यंत्रकामात मॉडस्लेच्या हाताखाली काम केलं म्हणजे घराणं मिळालं! पुढे तो जोसेफ क्लेमंटकडेही होता. बॅबेजच्या गणनयंत्राचे भाग ज्या वर्कशॉपमध्ये बनत होते, तेच हे.

त्या काळी सपाट प्लेट करायची म्हणजे एमरीची पूड टाकून दोन प्लेट्स एकमेकींवर घासायच्या. अडचण अशी की एकीला फुगवटा असेल तर दुसरीला तसाच खळगा पडतो आणि दोघी झकास जुळतात. जुळल्या म्हणजे सपाट झाल्या असं नाही. यावर तोड म्हणजे तिसरी प्लेट. अ फुगीर असेल तर तिच्याशी जुळणारी ब खोलगट होणार, आणि अ शीच जुळवलेली क सुद्धा खोलगट. आता ब आणि क समोरासमोर ठेवा. दोन वाट्या तोंडाला तोंड लावल्यासारख्या त्या फक्त कडांवर टेकतील. चोरी पकडली गेली! तिन्ही प्लेट्स आलटून पालटून, शिवाय फिरवून फिरवून (नाहीतर पीळ लपतो) प्रत्येकीशी जुळल्या, तरच तिन्ही सपाट. बाहेरचा कुठलाही आधार नको. चौकटीत डेटमचं घर का नाही, ते मला इथे खरं कळलं.

ही युक्ती नेमकी कुणाची यावर वाद आहे; मॉडस्लेकडे ती आधीपासून होती असं म्हणतात. पण घासणं बंद करून तेलात कालवलेल्या रंगाने उंचवटे शोधायचे आणि तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे, ही पद्धत व्हिटवर्थने पक्की केली आणि १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत सगळ्यांसमोर मांडली. स्वतःची करामत गुपित न ठेवणारा कारागीर मला तरी मोठा वाटतो.

त्याआधी १८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला होता आणि स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. तेव्हा प्रत्येक कारखान्याचा स्क्रू वेगळा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेल तर शपथ. त्याने ठिकठिकाणचे बोल्ट गोळा केले, मापं घेतली, मधला मार्ग काढला आणि १८४१ मध्ये मांडणी जाहीर केली. आट्यांचा कोन ५५ अंश, पाव इंची बोल्टला इंचात २० आटे, अर्ध्या इंचीला १२, एक इंचीला ८. क्रिमियन युद्धात नौदलाला घाईने गनबोटी हव्या होत्या, हातात नव्वद दिवस. तेव्हा जॉन पेनने नमुन्याची इंजिनं सुटी केली, भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनवून घेतले, आणि ते एकमेकांना बसले. ते यामुळेच.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १८५० च्या दशकातली आहे. त्याच्याकडे ०.५७७० इंच भोकाचं एक गेज होतं आणि दोन दंडगोल. एक ०.५७७० इंच, दुसरा ०.५७६९. पहिला घट्ट बसायचा, दुसरा इतका सैल की जणू त्या भोकाचा नव्हेच. फरक इंचाच्या दहा हजाराव्या भागाचा! डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो. त्याचं यंत्र तर इंचाचा दशलक्षावा भाग दाखवायचं. कामगारांनी एक सोळांशला जरा कमी, एक बत्तिसांशला किंचित जास्त असली भाषा सोडून हजारांशात बोलावं, असा त्याचा आग्रह होता. आपल्या वर्कशॉपमध्ये अजूनही थोडं मार रे, हलकं घे रे असंच चालतं, ही गोष्ट वेगळी.

माणूस मात्र तिरसट. कुणाशी जमवून घेणं ठाऊकच नाही. त्याची षटकोनी नळीची रायफल १८५७ च्या चाचण्यांत सरकारी एनफिल्डपेक्षा कितीतरी अचूक ठरली, तरी सैन्याने ती घेतली नाही. महाग होती आणि बारीक नळी लवकर काजळायची. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी ती वापरली. इतकी अचूकता शेवटी माणूस टिपायला लागली, हे वाचून मला बरं वाटलं नाही. तोफांवरून आर्मस्ट्राँगशी त्याचं हाडवैर होतं. दोघांच्या कंपन्या १८९७ मध्ये एक झाल्या, पण ते बघायला व्हिटवर्थ नव्हता. २२ जानेवारी १८८७ ला तो माँटे कार्लोत वारला. मूलबाळ नव्हतं, बरीचशी संपत्ती मँचेस्टरला गेली. तरुण इंजिनिअरांसाठी शिष्यवृत्त्या त्याने १८६८ मध्येच सुरू केल्या होत्या.

ड्रॉइंगवरच्या चौकटी आणि चिन्हं त्याने कधी पाहिली नाहीत. ती विसाव्या शतकातली. ५५ अंशांची जागाही मेट्रिकच्या ६० अंशांनी घेतली. पाइपच्या आट्यांत मात्र तो अजून टिकून आहे. मागच्या महिन्यात आपल्या हॉस्टेलच्या बाथरूममधला अर्धा इंची नळ प्लंबरने बदलला, तेव्हा जुना मी मागून घेतला. लॅबमधला थ्रेड गेज लावून पाहिला. ५५ अंशांचं, इंचात १४ आट्यांचं पातं बरोब्बर बसलं. नळ सध्या माझ्या टेबलावर आहे. वॉर्डन सरांना हवा असल्यास परत करीन.