सलीम अली : पाखरांचा हिशेब ठेवणारा माणूस

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला. सोसायटीच्या जन्माची कथा, पाण्याच्या टाकीची कथा, लिफ्टची कथा इतर सभासद लिहिणार आहेतच. मी एका मुंबईकराची जीवनकथा लिहायचे ठरवले. डॉ. सलीम अली हे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. पक्ष्यांचा अभ्यास करणारे, पांढरी दाढी, गळ्यात दुर्बीण, एवढे चित्र डोळ्यांसमोर येते. पण या माणसाने नेमके काय केले आणि त्याचा तुमच्या-माझ्यासारख्यांना काय उपयोग झाला, हे फारसे कुणी सांगत नाही.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरी सगळ्या भावंडांना वाढवले. मामांना शिकारीचा शौक, त्यामुळे भाच्यालाही छऱ्यांची बंदूक मिळाली. मोठेपणी नामांकित शिकारी व्हायचे हे त्या पोराचे स्वप्न होते.

एकदा त्याने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. पण मामा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी भाच्याला तिथले सेक्रेटरी मिलार्ड यांच्याकडे पाठवले. त्या गोऱ्या साहेबाने पोराला हाकलून दिले नाही. चिमणी ओळखून तर दिलीच, शिवाय कपाटांचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली होती : कुठे मिळाला, कधी मिळाला, कुणी आणला. मला वाटते, या माणसाच्या आयुष्याची दिशा त्या चिठ्ठ्यांनी ठरवली.

पुढचा रस्ता मात्र सरळ नव्हता. कॉलेज अर्धवट सुटले. घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, तिथे धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले. १९१८ साली तेहमिना यांच्याशी लग्न झाले. धंदा बुडाला. पक्षीशास्त्रातली सरकारी नोकरी मिळेना, कारण हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, गाइड लेक्चररची जागा मिळाली. दोन वर्षांनी रजा काढून ते बर्लिनला प्रोफेसर श्ट्रेसेमान यांच्याकडे शिकायला गेले. १९३० साली परतले तर ती जागाच पैशाअभावी रद्द झालेली! वय तेहेतीस, नोकरी नाही, संसार चालवायचा. तुमच्या-माझ्यासारखा माणूस खचला असता.

मुंबईतला खर्च झेपेना म्हणून नवरा-बायको अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबत होती. मी अलिबाग शाखेत असताना रविवारी सायकलने किहीमला जायचो, तेव्हा ती घरटी पुष्कळ पाहिली आहेत. आपल्या भाषेने या पक्ष्याला नावच बाईचे दिले, त्यामुळे घरटे मादी विणते असे आपण धरून चालतो. सलीम अली पावसाळ्यात महिनोन् महिने आडोशाला बसून बघत राहिले आणि रोज लिहून ठेवत गेले. तेव्हा कळले की घरटे विणतो नर! तो अर्धे घरटे विणून थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासणी करतात. पसंत पडले तर मादी ताबा घेते आणि नर उरलेले बांधकाम पुरे करतो. ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे अर्धे घरटे सुरू करतो, दुसरीसाठी. फ्लॅट बुक झाल्याशिवाय बांधकाम पुरे न करणारा बिल्डर आपल्याला नवा नाही! १९३१ साली हा अभ्यास छापून आला आणि जाणकारांत त्यांचे नाव झाले.

त्यानंतर त्यांनी संस्थानिकांना सुचवले की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची पाहणी मी करतो. पगार नको, फक्त प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च द्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन अशी एकेक संस्थाने त्यांनी पायाखाली घातली. तेव्हा आपला मराठवाडाही हैदराबाद संस्थानातच होता. रानात तंबू, कंदिलाच्या उजेडात टिपणे. मुक्कामाची सगळी व्यवस्था तेहमिनाबाई बघत आणि नवऱ्याचे इंग्रजीही तपासून देत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. बहिणीच्या घरी राहून काम तसेच चालू ठेवले. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. नेहरूंनी ते तुरुंगातून इंदिराबाईंना पाठवले होते. त्या पुस्तकाचा पुढे देशाला फार उपयोग झाला.

माणूस नुसता पुस्तकी नव्हता, बरं का. मोटारसायकलचे भारी वेड. १९५० साली स्वीडनमध्ये पक्षीतज्ज्ञांची परिषद होती, तर यांनी आपली मोटारसायकल बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावरून परिषदेला हजर झाले. वय त्रेपन्न!

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. राजस्थानात भरतपूरला तिथल्या राजाचे शिकारीचे तळे होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या पार्टीने तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. तो दिवस होता १२ नोव्हेंबर, म्हणजे नेमका सलीम अलींचा वाढदिवस. स्वातंत्र्यानंतर वेगळाच प्रश्न आला. तळे कोरडे करून जमीन आणि पाणी शेतीला द्या, अशी भूमिहीन लोकांची मागणी होती, आणि ती काही चैनीची मागणी नव्हती. सलीम अलींनी थेट नेहरूंपर्यंत जाऊन तळे वाचवले. १९५६ साली तिथे अभयारण्य झाले. या तळ्या-बांधांमुळे भरतपूर शहराचे पुरापासून रक्षण होते आणि आसपासच्या गावांची गुरे तिथे चरत होती. म्हणजे तळे पाखरांचे होते तसे माणसांचेही होते.

१९८२ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि म्हशी चारायला बंदी आली. सलीम अलींचाही बंदीला पाठिंबा होता. गावकरी भडकले, पोलिसांचा गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. पुढे काय झाले ते लक्ष देऊन वाचा. त्यांच्याच संस्थेचा तिथे दहा वर्षांचा अभ्यास चालू होता. त्यात दिसून आले की म्हशी नाहीशा झाल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उघडे पाणी कमी झाले आणि त्याचा त्रास पाखरांनाच झाला. म्हशी तळ्याच्या शत्रू नव्हत्या, एक प्रकारे तळे साफ ठेवत होत्या. एवढ्या मोठ्या माणसाचे मत त्याच्याच संस्थेच्या नोंदींनी खोडून काढले. मला यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. प्रामाणिक हिशेब असाच असतो, तो साहेबाचीही भीड ठेवत नाही. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. लोकांना वगळून निसर्ग राखायला गेले की काय होते, हे भरतपूरने शिकवले.

दुसरी गोष्ट त्यांच्या पश्चात घडली. त्याच भरतपुरात १९८०च्या दशकात गिधाडे मोजलेली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा मोजली तेव्हा ती झपाट्याने कमी झालेली दिसली. पुढे कारण सापडले : गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध. औषध दिलेले जनावर मेले की ते खाऊन गिधाडे मरत होती. २००६ साली भारताने गुरांसाठी या औषधावर बंदी घातली. गिधाड गेल्याने मेलेली जनावरे गावाबाहेर कुजत पडली, त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली गेली. फुकट काम करणारा सफाई कामगार गेला की पदरी काय येते ते गावांना कळले. आम्ही बँकवाले म्हणतो तसे, ओपनिंग बॅलन्सच माहीत नसेल तर तूट कशी कळणार?

१९७६ साली सलीम अलींना ५० हजार डॉलरचे गेट्टी पारितोषिक मिळाले, ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामाला दिली. त्याच वर्षी पद्मविभूषण मिळाले. केरळचे सायलेंट व्हॅलीचे जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून म्हातारपणी त्यांनी आपले वजन खर्च केले. पंतप्रधानपदी इंदिराबाई होत्या, त्यांनी ऐकले आणि १९८४ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९८५ साली ते राज्यसभेचे नियुक्त सदस्य झाले. १९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवी नदीतल्या चोडण बेटावरचे पक्षी अभयारण्य आज त्यांच्या नावाने आहे.

आता आपल्या घरचे थोडे. मागच्या कंपाउंडमधली झाडे काढून पार्किंग वाढवायचा विषय जनरल बॉडीपुढे येणार आहे. गाड्या वाढल्या आहेत, अडचण खरी आहे, ज्यांना रोज रस्त्यावर गाडी लावावी लागते त्यांना मी दोष देणार नाही. पण मत देण्याआधी त्या झाडांचा हिशेब आपल्याकडे असावा. किती झाडे, कुठली, त्यांवर कोण राहते, दुपारी त्यांची सावली कुणाच्या भिंतीवर पडते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. पाच तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा तारखेला सलीम अलींचा. या आठवड्यात रोज सकाळी अर्धा तास मुलांना घेऊन मागच्या बाजूला उभे राहू या. एक दोनशे पानी वही मी आणली आहे, ती ऑफिसात वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. तारीख, वेळ, पक्ष्याचे नाव, कुठल्या झाडावर आणि बघणाऱ्याचा फ्लॅट नंबर, असे पाच रकाने आखले आहेत. नाव माहीत नसले तर रंग लिहा. ज्यांना पार्किंग हवे आहे त्यांनीही यावे, उलट त्यांनी आवर्जून यावे. वही जनरल बॉडीच्या दिवशी सगळ्यांसमोर वाचू, मग काय ते ठरवू.