महात्मा जोतीराव फुले आणि आपला बागायतदार

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा ते काम कार्यकारी मंडळाने मजसारख्या निवृत्त शिक्षकाकडे सोपविले. शिरूर व दौंड तालुक्यांतील आपली बहुतेक कुटुंबे फळबाग व भाजीपाला यांवर पोसली गेली आहेत. म्हणून ज्यांचा जन्मच बागायतदाराच्या घरी झाला, त्या महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रातील शेतीविषयक भागाचे स्मरण करणे मला उचित वाटते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. मूळ घराणे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे व आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून पुढे फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव पुण्यात फुले व भाजीपाला विकीत. मातोश्री चिमणाबाई लवकर निवर्तल्या. थोडे शिक्षण होताच वडिलांनी मुलास शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. परंतु गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब या दोघा सज्जनांनी मुलाची बुद्धी हेरून वडिलांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. मोट सोडून पाटी हाती घेतलेल्या या मुलाने पुढे १८४८ साली मुलींची शाळा काढली, सावित्रीबाईंना शिक्षिका केले, १८५५ साली शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापिला. हा इतिहास सर्वश्रुत असल्याने येथे विस्तार करीत नाही.

त्या काळी आपल्या भागाची स्थिती फार हलाखीची होती. कापसाचे भाव कोसळलेले, सारा वाढलेला आणि शेतकरी सावकाराच्या कर्जात बुडालेला. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे उद्रेक झाला व तो पाहता पाहता आजच्या दौंड तालुक्यातील केडगावापर्यंत आणि शिरूरच्या खेड्यांपर्यंत पसरला. कर्जरोखे जाळणे हाच शेतकऱ्यांचा मुख्य हेतू होता. आपण कोणत्या कागदावर अंगठा उठविला, हे त्यांतील बहुतेकांना वाचताही येत नव्हते. पुढे १८७९ साली सरकारने शेतकऱ्यांच्या संरक्षणार्थ कायदा केला.

त्याच सुमारास खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. जोतीराव सरकारी बांधकामांचे कंत्राटदार होते व या कामासही त्यांनी साहित्य पुरविले. मुठेच्या उजव्या कालव्याचे पाणी हवेलीतून आपल्या दौंडकडे येऊ लागले. परंतु नुसता कालवा काढल्याने मळा पिकत नाही, हे जोतीराव जाणून होते. मांजरी येथे त्यांनी स्वतः जमीन धरून शेती केली. पाण्याची किंमत, खताचा खर्च व बाजारातील भाव यांचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता.

हा अनुभव त्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात मांडला. सरकारने फावल्या वेळी फौजफाट्याकडून ताली व बंधारे बांधून पावसाचे पाणी शिवारात मुरवावे; तलावांतील गाळ शेतकऱ्यांना द्यावा; विहिरींच्या पाण्याच्या जागा दाखवाव्यात; कालव्याचे पाणी गरजेप्रमाणे मोजून द्यावे; दरसाल प्रदर्शने भरवून उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसे द्यावीत; शेतकऱ्यांच्या मुलांना विलायतेतील शेतकी शाळा पाहण्यास पाठवावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. मात्र या साऱ्याच्या मुळाशी त्यांनी विद्या ठेविली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढेही त्यांनी हाच आग्रह धरला. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास ते साध्या शेतकऱ्याच्या वेशात गेले व खरी रयत कशी राहते, ते पाहुण्यांना दाखविले. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी लेखन चालू ठेविले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे देहावसान झाले.

पुढे १९६८ साली राहुरीस कृषी विद्यापीठ झाले, तेही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९९० पासून आपल्या राज्यात रोजगार हमीतून फळबागांस साह्य मिळू लागले व २००५-०६ साली केंद्राने राष्ट्रीय फलोत्पादन अभियान सुरू केले. रोपे, ठिबक सिंचन, शेततळे, कांदाचाळ यांस अनुदान आले. जोतीरावांनी मागितलेल्या साह्याचा बराच भाग आज कागदावर तरी उपलब्ध आहे.

कागदावर म्हणण्याचे कारण सांगतो. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने डाळिंबाची बाग लावली व ठिबकाचा संच उसनवारीने विकत आणला. अर्ज करण्यास गेला, तेव्हा पूर्वसंमतीपूर्वी केलेल्या खरेदीस अनुदान नाही, असे कळले. नियम छापील होता. त्याने तो वाचला नव्हता, आणि त्याचा गुरू असून मीही त्यास कधी वाचावयास सांगितला नव्हता. अंगठ्याचे दिवस गेले, पण न वाचता सही करण्याची सवय गेली नाही. त्या कर्जाचे हप्ते तो अद्याप फेडीत आहे.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. प्रत्येक कुटुंबातील एका मुलाने अथवा मुलीने, आणि सुनेनेही, सात-बारा, बँकेचे पुस्तक व योजनांचे नियम वाचून घरच्यांस समजावून द्यावेत. संस्थेनेही गावोगावी अशी वाचनाची बैठक भरवावी. जोतीरावांची रात्रीची शाळा आपणांस याच रीतीने पुढे चालविता येईल.