डॉक्टर सेमेलवाइस व बाळंतिणींचा ज्वर

ज्यांनी असंख्य बाळंतिणींचे प्राण वाचविण्याचा मार्ग दाखविला, त्या डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतीचे शास्त्र आपण होऊन प्रथम निवडले नव्हते, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. १८१८ साली हंगेरीतील बुडा शहरी एका वाण्याच्या घरी ते जन्मले. १८३७ साली ते व्हिएन्ना येथे कायदा शिकावयास गेले, परंतु वर्षभरातच वैद्यकाकडे वळले. १८४४ साली पदवी मिळाल्यावर अंतर्गत रोगांच्या विभागात काम करावे, अशी त्यांची इच्छा होती. तेथे जागा मिळाली नाही. मग जे दार उघडे होते तिकडे ते गेले, आणि १८४६ साली तेथील मोठ्या इस्पितळात प्रसूतिविभागाचे प्राध्यापक क्लाइन यांचे मदतनीस झाले.

त्या इस्पितळात गरीब स्त्रियांचे बाळंतपण फुकट होई व त्याबदली शिकणाऱ्यांस त्यांच्यावर अभ्यास करता येई. पहिल्या विभागात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा सुमारे ११ बाळंतिणी मेल्या, दुसऱ्यात ३ हूनही कमी. म्हणून पहिल्या विभागात नेऊ नका, असे बायका रडून विनवीत. मरणाऱ्यांसाठी येणाऱ्या पाद्र्याच्या घंटेने त्या भिऊन ज्वर जडत असेल, अशीही एक कल्पना होती. सेमेलवाइस यांनी ती घंटा बंद करविली. मृत्यू थांबले नाहीत.

१८४७ च्या मार्चात त्यांचे मित्र डॉक्टर कोलेच्का हे शवच्छेदन चालू असता एका विद्यार्थ्याची सुरी बोटास लागून मरण पावले. त्यांच्या शरीरात आढळलेली चिन्हे हुबेहूब बाळंतिणींच्या ज्वराची होती. तेव्हा सेमेलवाइस यांस उमगले. विद्यार्थी प्रेते चिरून येत आणि त्याच हातांनी बाळंतिणींस तपासीत. सुइणींस शवच्छेदन शिकवीत नसत, म्हणूनच त्यांच्याकडील बायका वाचत! डॉक्टरांस शिकण्याची जी उत्तम सोय म्हणून त्या शहराचा लौकिक होता, तीच मरणाची वाट झाली होती. आणि शवच्छेदन स्वतः सेमेलवाइस यांच्याइतके मन लावून करणारे थोडेच होते. आपल्या हातून किती माता गेल्या, या विचाराने ते फार कष्टी झाले.

मे महिन्यापासून त्यांनी प्रत्येकास क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली दोन्ही विभागांत मृत्यूंचे प्रमाण शेकडा एकाच्या थोडेसेच वर राहिले.

तरी वडीलधाऱ्या डॉक्टरांस आपले हात दोषी आहेत हे रुचेना. १८४९ साली त्यांची नेमणूक पुढे चालविली नाही. पुढच्या वर्षी ते पेस्त शहरी परतले व तेथील इस्पितळातही त्यांनी तोच नियम लावून यश मिळविले. आपला शोध त्यांनी ग्रंथरूपाने १८६१ पर्यंत मांडला नाही, ही मात्र त्यांची मोठी चूक म्हटली पाहिजे. आणि मांडला तेव्हा विरोधकांवरील संतापाने तो ग्रंथ भरून गेला. पुढे त्यांचे मन बिघडले. १८६५ साली त्यांस व्हिएन्ना येथील वेड्यांच्या इस्पितळात ठेवण्यात आले. तेथे थोड्याच दिवसांत, वयाच्या ४७ व्या वर्षी, एक जखम चिघळून रक्तदोषाने ते वारले.