खिडक्या मोजणारी नर्स

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रात्रीची वेळ, हातात दिवा आणि जखमी सैनिकांच्या रांगा. शाळेत आपण तेवढंच ऐकलेलं असतं. पण या बाईनं पुढची कित्येक वर्षं चक्क हॉस्पिटलचे नकाशे तपासण्यात घालवली, हे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. घर श्रीमंत इंग्रजांचं. मुलीनं नर्स व्हायचं, हे घरच्यांना अजिबात मान्य नव्हतं. तरी १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरचं, आजारी स्त्रियांसाठीचं एक छोटं रुग्णालय तिनं चालवायला घेतलं. तिथं तिनं आधी काय मागितलं? प्रत्येक मजल्यावर गरम पाण्याचा नळ, जेवण वर नेणारी छोटी लिफ्ट आणि घंटा कुठल्या पेशंटनं वाजवली ते कळेल अशी सोय. हिशोब साधा होता. नर्सचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर पेशंटजवळ थांबणार कोण?

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन ती तुर्कस्तानात स्कुटारीला पोचली. हॉस्पिटल म्हणजे एक अवाढव्य लष्करी बराक. खाली तुंबलेली गटारं, आत कोंदट हवा. तिनं स्वयंपाकघर लावलं, कपडे धुण्याची व्यवस्था केली, तरी माणसं मरतच राहिली. मार्च १८५५ मध्ये सरकारी सॅनिटरी कमिशन आलं. गटारं साफ झाली, हवा खेळती झाली आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

इंग्लंडला परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत तिनं आकडे मांडले. बहुतेक सैनिक जखमांनी गेलेच नव्हते, टाळता आले असते अशा रोगांनी गेले होते. आणि तेही ती स्वतः जिथं राबत होती, त्याच इमारतीत! हे तिच्या मनाला कायमचं लागलं.

मग १८५९ मध्ये तिचं 'नोट्स ऑन हॉस्पिटल्स' आलं. वॉर्ड लांबट हवा, साधारण ३० खाटांचा. खिडक्या समोरासमोर, दर दोन खाटांमागे निदान एक. संडास आणि मोरी वॉर्डच्या टोकाला, मध्ये हवा खेळेल अशी जागा सोडून. नर्सची खोली अशी, की आतून सगळा वॉर्ड दिसावा. मजले दोनपेक्षा जास्त नकोत.

सगळीकडे तिचं ऐकलं गेलं असं नाही. नेटली इथलं भलंमोठं लष्करी हॉस्पिटल जुन्या पद्धतीनं बांधलं जात होतं. तिनं थेट पंतप्रधानांपर्यंत धडक मारली, पण काम पुढं गेलं होतं. ती हरली. मात्र एल्सबरी या छोट्या गावाचं रुग्णालय १८६२ मध्ये तिच्या सल्ल्यानुसार उभं राहिलं. १८७१ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलची नवी इमारतही याच धर्तीवर झाली. यातलं बरंचसं काम तिनं आजारपणात, घरात बसून केलं. भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांची माहिती मागवून तिथल्या पाण्याचा आणि गटारांचा प्रश्नही तिनं लावून धरला.

गंमत म्हणजे रोग दूषित हवेमुळं होतात, असं ती तेव्हा मानत होती. जंतूंचं विज्ञान नंतर आलं. तिचं कारण चुकलं, पण उजेड, मोकळी हवा आणि खाटांमधलं अंतर हे उपाय मात्र टिकले.

१३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी ती गेली. पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल तेव्हा एक करा. खाटा मोजा, मग खिडक्या मोजा. आणि नर्सच्या टेबलावरून शेवटची खाट दिसते का, तेही बघा.