हेल्मेटमागचे डॉक्टर: सर ह्यू केर्न्स (आणि ऑफ-रोडसाठी तुमचं पहिलं हेल्मेट)

ऑफ-रोड बाइक शिकायला सुरुवात करणारे मित्र मला हमखास एक प्रश्न विचारतात. बजेट एवढं-एवढं आहे, तर आधी काय घेऊ? जॅकेट, बूट, नी-गार्ड की हेल्मेट? मी कामाने सॉफ्टवेअरवाला, सुट्टीच्या दिवशी कच्च्या वाटांवर धडपडणारा. त्यामुळे उत्तर देण्याआधी आकडे कुठून आले ते बघायची सवय लागलीये. हेल्मेटच्या बाबतीत मागे-मागे गेलात की ऑक्सफर्डच्या एका मेंदूच्या सर्जनपाशी येऊन पोचता. नाव सर ह्यू केर्न्स. आज त्यांचीच गोष्ट सांगतो, गियरचं उत्तर वाटेत मिळेलच.

केर्न्स मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १८९६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावात जन्म, अॅडलेडला मेडिकलचं शिक्षण, पहिल्या महायुद्धात लष्करी सेवा. मग ऱ्होड्स स्कॉलरशिप मिळवून १९१९ मध्ये ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात. गडी अंगाने दणकट असणार, कारण १९२० च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज बोट रेसमध्ये ते ऑक्सफर्डकडून वल्हवत होते. १९२६-२७ मध्ये ते बोस्टनला हार्वी कुशिंग यांच्याकडे शिकायला गेले. कुशिंग म्हणजे त्या काळी मेंदूच्या शस्त्रक्रियेतलं सगळ्यात मोठं नाव. तिथून परतल्यावर केर्न्स यांनी लंडन हॉस्पिटलमध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेचा जम बसवला.

आता १९३५ चा मे महिना. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून जगभर गाजलेले टी. ई. लॉरेन्स १३ मेला इंग्लंडमधल्या डॉर्सेट भागात आपल्या ब्रफ सुपिरिअर बाइकवरून घरी निघाले होते. रस्त्याला मध्येच खोलगट उतार होता आणि पुढे सायकलवर दोन मुलं. त्यांना वाचवताना लॉरेन्स फेकले गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. उपचारासाठी बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये केर्न्सही होते. सहा दिवसांनी, १९ मेला, वयाच्या ४६ व्या वर्षी लॉरेन्स गेले.

इंटरनेटवर ही गोष्ट इथेच संपवतात: लॉरेन्स गेले, डॉक्टर हळहळले, हेल्मेट जन्माला आलं. मला हे फार फिल्मी वाटतं. एक तर हेल्मेट आधीपासून होतं. ब्रुकलँड्सच्या रेस ट्रॅकवरचे डॉक्टर एरिक गार्डनर यांच्या प्रयत्नांमुळे १९१४ पासून आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ते सक्तीचं झालं होतं. पण ते रेसरचं सामान. रोजच्या रस्त्यावर ते घालायची पद्धत नव्हती. दुसरं म्हणजे, लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर केर्न्स यांचा पहिला मोठा लेख यायला सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत जे झालं ते जास्त महत्त्वाचं.

१९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डमध्ये सर्जरीचे प्राध्यापक झाले. दोनच वर्षांत युद्ध सुरू झालं. सेंट ह्यूज हे तेव्हाचं मुलींचं कॉलेज, ते ताब्यात घेऊन तिथे फक्त डोक्याच्या दुखापतींसाठी लष्करी हॉस्पिटल उभारलं गेलं. केर्न्स हे त्यामागचं मुख्य डोकं. आघाडीवर जाऊन ऑपरेशन करणारी फिरती पथकंही त्यांनी उभी केली. आणि त्यांच्या टेबलावर गोळी लागलेल्या सैनिकांबरोबर बाइकवरून पडलेले सैनिकही येत होते.

हे होते डिस्पॅच रायडर, म्हणजे निरोप पोचवणारे. बरेचसे नवशिके. रात्री ब्लॅकआउटमुळे रस्त्यावर दिवे नाहीत, बाइकचा हेडलाइट झाकलेला, आणि प्रशिक्षणात चिखल, शेतं, खडबडीत चढ-उतार. थोडक्यात, आपण हौसेने पैसे भरून जे शिकतो ते या पोरांना हुकमाने शिकावं लागत होतं.

केर्न्स यांच्या हाताला गुण होता. ते आणखी चांगली ऑपरेशन करत राहिले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी मोजायला घेतलं. ऑक्टोबर १९४१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलवाले मेले होते, मागे बसलेल्यांसकट. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण डोक्याला मार. आणि हेल्मेट घातलेले अपघातग्रस्त त्यांनी पाहिले ते फक्त सात. सातही वाचले होते.

सात हा आकडा बघून माझ्यातला इंजिनिअर लगेच कुरकुरतो. सात म्हणजे काय सॅम्पल झालं का? शिवाय जे जागीच गेले ते हॉस्पिटलमध्ये आलेच नाहीत, मग ते मोजले कसे जाणार? पण केर्न्स सातवर थांबले नाहीत म्हणून तर हा लेख लिहितोय. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने ड्युटीवरच्या बाइकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. १९४३ मध्ये केर्न्स यांनी भौतिकशास्त्रज्ञ ए. एच. एस. होलबर्न यांच्याबरोबर हेल्मेट घातलेल्या रायडरच्या १०६ अपघातांचा अभ्यास छापला. १९४६ मध्ये दर महिन्याच्या मृत्यूंचा आलेख छापला, त्यात सक्तीनंतर मृत्यू घटत गेलेले सरळ दिसतात. एखादं फीचर रिलीज करायचं आणि मग पाच वर्षं त्याचा डेटा बघत राहायचं, हे आमच्या क्षेत्रातसुद्धा फार थोडे करतात.

होलबर्न यांचं काम थोडं समजून घेऊ, कारण तुमच्या खरेदीचा संबंध इथे आहे. त्यांनी जिलेटिनचा मेंदू करून त्यावर प्रयोग केले. जिलेटिन म्हणजे जेलीसारखा पदार्थ. १९४३ मध्येच त्यांनी मांडलं की मेंदू दाबला जाण्याने फारसा फाटत नाही, पण कवटी झटक्यात फिरली की आतला मेंदू मागे राहतो आणि थर एकमेकांवर सरकून फाटतात. वाटीतली जेली गर्रकन फिरवून बघा, कळेल.

म्हणजे हेल्मेटला दोन कामं आहेत. पहिलं, डोकं थांबायला अंतर देणं. गणित अगदी सोपं. खडकावर १.८ मीटर उंचीवरून डोकं आपटलं (बाइकवरून आडवं पडलं की साधारण एवढंच) आणि ते ३ मिलिमीटरमध्ये थांबलं, तर १.८ भागिले ०.००३, म्हणजे सरासरी ६०० जी. तेच डोकं ३ सेंटिमीटरमध्ये थांबलं तर ६० जी. हे ३ सेंटिमीटर कोण देतं? आतला ईपीएसचा थर, म्हणजे आपलं थर्मोकोलच, फक्त जास्त घट्ट. तो चेपला जातो म्हणून डोकं वाचतं. केर्न्स यांच्या काळात हा थर नव्हता. दाबलेल्या लगद्याचं किंवा रबराचं कवच आणि आत पट्ट्यांची जाळी. चेपणारा थर १९५० च्या दशकात अमेरिकेत आला.

त्यामुळे दुकानात गेल्यावर बाहेरचं कार्बन-फायबर बघून भुलू नका. आतला थर बघा आणि फिटिंग बघा. हेल्मेट घालून ते हाताने हलवा. गालाची कातडी सोबत ओढली गेली पाहिजे, हेल्मेट नुसतं फिरता कामा नये. एकदा जोरात आपटलं की आतला थर चेपतो आणि परत फुगत नाही. बाहेरून चरा नसला तरी ते हेल्मेट बाद. याच कारणाने मी सेकंड-हँड हेल्मेटच्या विरोधात आहे, जॅकेट खुशाल सेकंड-हँड घ्या.

दुसरं काम, ते गर्रकन फिरणं कमी करणं. होलबर्ननंतर अनेक दशकांनी स्वीडनमध्ये हान्स फॉन होल्स्ट या, पुन्हा एका, मेंदूच्या सर्जनने संशोधक पीटर हालडिन यांच्याबरोबर हेल्मेटमध्ये सरकणारा थर बसवला. तोच आजचा 'मिप्स'. युरोपच्या ईसीई २२.०६ मानकात आता तिरक्या आदळण्याची चाचणीही आहे. आपल्याकडे ट्रेलपर्यंत रस्त्यानेच जायचंय, त्यामुळे आयएसआय मार्क तर लागतोच. त्यावर ईसीई २२.०६ मिळालं आणि परवडलं तर घ्या. केर्न्स यांच्या रायडरचं हेल्मेट कवटीपुरतं होतं, हनुवटी उघडी. तुम्ही मात्र हनुवटीचं कवच असलेलंच घ्या, कारण ऑफ-रोडला माणूस हँडलवरून पुढे जातो.

मानेचं काय? डिसेंबर १९४५ मध्ये जर्मनीत कार अपघातात अमेरिकन जनरल पॅटन यांची मान मोडली, तेव्हाही केर्न्स यांना विमानाने हायडलबर्गला नेण्यात आलं. २१ डिसेंबरला पॅटन गेले. मानेपुढे तेव्हाचे सगळ्यात चांगले हातही फार काही करू शकले नाहीत. आज ऑफ-रोडसाठी नेक ब्रेस मिळतात. पण नवशिक्याच्या यादीत मी ते नंतर ठेवेन. हेल्मेटनंतर आधी बूट, कारण हळू वेगात बाइक पायावरच पडते आणि घोटा दगडात अडकतो. ट्रेकिंगचे बूट चालत नाहीत, नडगीपर्यंत येणारे, कडक तळव्याचेच हवेत. मग नी-गार्ड आणि ग्लव्ह्ज. नी-गार्डवर ईएन १६२१-१ शोधा. त्यात लेव्हल २ म्हणजे त्याच धक्क्याला सरासरी २० किलोन्यूटनपेक्षा कमी बल आत पोचतं, लेव्हल १ ला ३५ पर्यंत चालतं. जॅकेट शेवटी, आणि तेही जाळीचं. उन्हात घामाघूम झालात की ते काढून बॅगेतच जातं.

१९४६ मध्ये केर्न्स यांना 'सर' किताब मिळाला. १८ जुलै १९५२ रोजी, ५६ व्या वर्षी, कर्करोगाने ते गेले. सामान्य नागरिकांसाठी हेल्मेटचा कायदा तोपर्यंत ब्रिटनमध्ये झालेला नव्हता. लष्कराने एका महिन्यात जे मान्य केलं, ते संसदेतून यायला आणखी २१ वर्षं गेली. १ जून १९७३ पासून ब्रिटनमध्ये प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचं झालं. मागे बसणाऱ्यालाही.