कळफलकाचे जनक शोल्स

संगणकावर मराठी लिहिताना मला ख्रिस्तोफर लॅथम शोल्स यांचे चरित्र आठवते. त्यांचा जन्म १८१९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात झाला. छापखान्यात उमेदवारी करून ते विस्कॉन्सिनमध्ये संपादक व पुढे विधिमंडळाचे सभासद झाले. तेथील फाशीची शिक्षा १८५३ मध्ये रद्द झाली, त्यासाठीही ते झटले होते.

१८६८ मध्ये ग्लिडन व सोल यांच्यासह त्यांनी टंकलेखन यंत्राचे पेटंट मिळविले. त्या यंत्राचा कळफलक पियानोसारखा होता. पुढे अक्षरे पुनःपुन्हा हलवून त्यांनी आजची मांडणी जवळजवळ सिद्ध केली. १८७३ मध्ये यंत्र रेमिंग्टनकडे गेले. शोल्स १८९० मध्ये मिलवॉकी येथे वारले. त्यांच्या पश्चात, १८९६ मध्ये, मंजूर झालेल्या पेटंटात अक्षरांची मांडणी निराळीच होती. जगाने मात्र जुनीच धरून ठेवली.

आज एका संगणकात दुसऱ्याची नक्कल चालविली की यजमान यंत्र पुष्कळदा दाबलेल्या कळीची जागाच कळविते. अक्षर पाहुणे यंत्र ठरविते. इंग्रजी ‘क्यू’च्या जागी फ्रेंच पाहुणा ‘ए’ उमटवितो. म्हणून दोघांमध्ये जुळणीचा तक्ता लागतो. इन्स्क्रिप्ट मांडणीत तर मराठी व कन्नड ‘क’ एकाच कळीवर सुखाने नांदतात. जागा आणि अक्षर यांचे नाते माणसानेच ठरविलेले असते, हे मी शोल्स यांच्यापासून शिकलो.